हृदय श्रमिकाचे, औषध श्रीमंताचे?

लठ्ठपणा हा सुखवस्तूंचा रोग आणि त्यावरचे इंजेक्शन म्हणजे त्यांचेच चोचले, असे म्हणून हा विषय झटकून टाकण्याची रीत पुरोगामी वर्तुळातही रूढ झाली आहे. ही समजूत श्रमिकांना महागात पडणारी आहे. पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळीत पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहिले, तरी तिचा पोकळपणा कळतो. चाकणच्या कारखान्यांत यंत्रापाशी जखडलेला, रात्रपाळीत वडापाव आणि गोड चहावर भूक मारणारा, भाड्याच्या खोलीत अवेळी झोपणारा कंत्राटी कामगार चाळिशीआधीच पोट सुटलेला दिसतो, तो काही चैनीमुळे नव्हे.

कामाची रीत हृदयाचे भवितव्य ठरवते, हे ज्ञान जुने आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 साली दाखवले. 1956 साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेरही मोठा निघाला. आपल्याकडे धोका अधिक छुपा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1 टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय देहही आत चरबी साठवीत असतो.

आता औषधाविषयी. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत वजन अधिक असलेले, पण मधुमेह नसलेले 17,604 हृदयरुग्ण होते. आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू, झटका वा पक्षाघात यांचे प्रमाण 8 टक्क्यांऐवजी 6.5 टक्के राहिले. चाचणीचा खर्च उत्पादक कंपनीचाच होता, हे ध्यानात ठेवूनही हा लाभ नाकारता येत नाही. मात्र तो आधीच हृदयविकार जडलेल्यांत सिद्ध झाला आहे. मळमळ, उलट्यांचा त्रास अनेकांना होतो आणि औषध सोडले की उतरलेले वजन बरेचसे परततेही. म्हणजेच हे वैद्यकीय देखरेखीखाली दीर्घकाळ घ्यावयाचे औषध आहे.

प्रश्न उरतो तो कोणाला मिळणार हा. जून 2025 मध्ये ते 'वेगोव्ही' नावाने भारतात आले, तेव्हा महिन्याची किंमत मात्रेनुसार 17,345 ते 26,015 रुपये होती. राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा 2017 साली ठरली 21,000 रुपये! अख्खा पगार ओतला तरी औषध पुरे पडू नये, यालाच बाजारपेठेचे स्वातंत्र्य म्हणतात. किंमत कमी होत नाही, ही मखलाशी आहे. 2012 साली नेक्साव्हार या कर्करोगावरील औषधासाठी सरकारने सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचे 2 लाख 80 हजार रुपये 8,800 च्या आसपास आले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत तर मार्च 2026 पर्यंतचीच. पण देशी औषध स्वस्त झाले म्हणून ते आपोआप कामगाराच्या दंडापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी सार्वजनिक खरेदी लागते.

त्याच वेळी दुसऱ्या सापळ्यापासूनही सावध राहिले पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खाजगी कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर नेण्यास मान्यता दिली. एका हाताने कामगाराची झोप व जेवण हिरावून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याला इंजेक्शन दाखवायचे, हा कावा ओळखला पाहिजे. इंजेक्शन हा बारा तासांच्या पाळीवरचा उतारा नव्हे.

म्हणून साथींनी कुरुळी-चाकणच्या प्रवेशद्वारसभांत दोन मागण्या एकत्र मांडाव्यात. वेतनातून विम्याची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक पात्र हृदयरुग्णाला हे औषध विमा रुग्णालयातून विनामूल्य व अखंड मिळावे, कंत्राट संपले म्हणून उपचार तुटू नयेत. आणि आठ तासांचा दिवस, उपाहारगृहात सकस जेवण व वार्षिक हृदयतपासणी हा हक्क मानला जावा. पहिली मागणी सोडणे म्हणजे आजच्या रुग्णाला वाऱ्यावर सोडणे. दुसरी सोडणे म्हणजे उद्याचे रुग्ण घडवणे.