इन्स्टॉलेशनच्या फाइली एक्सझेडमध्येच राहू द्याव्यात

प्रति,
रिलीज अभियांत्रिकी गट, फ्रीबीएसडी प्रकल्प

फ्रीबीएसडीची इन्स्टॉलेशन फाइल दोन रूपांत मिळते: साधी आयएसओ, आणि तीच एक्सझेडने कॉम्प्रेस केलेली. झेडस्टँडर्ड आल्यापासून एक्सझेड जुने झाले, ते बदलावे, असा सूर ऐकू येतो. इन्स्टॉलेशनच्या फाइलींपुरता तो चुकीचा आहे.

यान कोले यांचे झेडस्टँडर्ड फेसबुकने २०१६ साली खुले केले. फाइल उलगडण्याचा त्याचा वेग विलक्षण आहे. आर्च लिनक्सने २०१९च्या अखेरीस आपली पॅकेजेस एक्सझेडवरून त्यावर नेली, तेव्हा एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्याने वाढला, उलगडण्याचा वेग मात्र सुमारे १३०० टक्क्यांनी. पॅकेजेस प्रत्येक अपडेटला उलगडावी लागतात, म्हणून तिथे हा सौदा फायद्याचाच आहे.

इन्स्टॉलेशनची फाइल एकदा उतरवली की बहुधा एकदाच उलगडली जाते. तिथे वाचतात ते काही सेकंद. सेकंदाला १० मेगाबिटच्या लाइनवर नुसते १०० मेगाबाइट उतरायला ८० सेकंद जातात. वेळ खाते ती लाइन. शिवाय चौदाव्या आवृत्तीच्या आयएसओत मूळ प्रणाली ‘बेस.टीएक्सझेड’ या नावाने आधीच एक्सझेडमध्ये बांधलेली असते. तो भाग पुन्हा कॉम्प्रेस करून कोणत्याच पद्धतीने फारसा लहान होत नाही. बचत होते ती उरलेल्या भागात.

खरा प्रश्न फाइल उघडणाऱ्याचा आहे. फ्रीबीएसडी पहिल्यांदा बसवणारा माणूस पुष्कळदा विंडोजवर बसलेला असतो आणि त्याच्याकडे सेव्हन-झिप असते. एक्सझेड ते वर्षानुवर्षे उघडते. झेडस्टँडर्ड मूळ सेव्हन-झिपला २०२४ साली उघडता येऊ लागले. जुनी प्रत असलेल्याची अडचण पहिल्याच पायरीवर व्हावी, हे बरे नाही.

मार्च २०२४मध्ये एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, त्यामुळे येणारी शंका रास्त आहे. पण दोष त्या दोन आवृत्त्यांच्या कोडमध्ये पेरला होता, फाइलच्या स्वरूपात नव्हता. फ्रीबीएसडीच्या तेव्हाच्या अधिकृत आवृत्त्यांत त्याआधीचेच एक्सझेड होते.

म्हणून प्रकल्पाने एक्सझेड ठेवावे आणि मिररवरची जागा वाचवण्यासाठी साधी आयएसओ कधीही काढू नये. दोन्हींचे चेकसम आज दिले जातात, तेही तसेच चालू राहावेत: पेन ड्राइव्हवर शेवटी लिहिली जाते ती उलगडलेली फाइल, आणि तपासायची असते तीच.