पेनसिल्व्हेनियाचे दोन कॅथलिक उमेदवार आणि मतदाराची विवेकबुद्धी



निवडणूक जवळ आली की अमेरिकेतील अनेक कॅथलिक मतदार उमेदवाराविषयी दोन प्रश्न प्रथम विचारतात. उमेदवार कॅथलिक आहे काय, आणि गर्भपाताविषयी त्याची भूमिका काय? परंतु दोन्ही प्रमुख उमेदवारांनी या दोन्ही प्रश्नांची सारखीच उत्तरे दिली, तर मतदाराने निवड कशाच्या आधारे करावी?

२००६ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मतदारांपुढे नेमका हाच पेच उभा राहिला. अमेरिकेच्या संसदेला 'काँग्रेस' म्हणतात; आपल्याकडील पक्षाशी या नावाचा संबंध नाही. त्या काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे सिनेटसाठी, रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सिनेटर रिक सँटोरम आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बॉब केसी (धाकटे) यांच्यात लढत झाली. दोघेही श्रद्धावंत कॅथलिक आणि दोघेही गर्भपाताचे जाहीर विरोधक. श्री. केसी यांची सिनेटमधील कारकीर्द जानेवारी २०२५ मध्ये संपली. हा अध्याय आता पूर्ण झालेला असल्याने त्याचा शांतपणे विचार करता येतो, आणि त्यात आपल्यालाही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

श्रद्धा एक, पक्ष दोन

श्री. सँटोरम १९९५ पासून सिनेटमध्ये होते आणि आपल्या पक्षाच्या सिनेटमधील नेतृत्वात त्यांचे स्थान तिसरे होते. गर्भपाताच्या एका विशिष्ट क्रूर पद्धतीवर बंदी घालणाऱ्या २००३ च्या कायद्याचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते. जीवनसमर्थक चळवळीचा सिनेटमधील सर्वांत ठळक आवाज अशीच त्यांची ओळख होती.

श्री. केसी यांच्यामागे वडिलांचे नाव होते. थोरले रॉबर्ट केसी १९८७ ते १९९५ या काळात पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर होते. गर्भपातावर निर्बंध घालणाऱ्या राज्याच्या कायद्यावर त्यांनी स्वाक्षरी केली. त्या कायद्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याचा १९९२ चा निकाल 'केसी निकाल' म्हणूनच ओळखला गेला. काही निर्बंध न्यायालयाने मान्य केले, मात्र गर्भपाताच्या हक्काचे मूळ सूत्र कायम ठेवले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात थोरल्या केसींना भाषणाची संधी नाकारण्यात आली. गर्भपातविरोधी भूमिकेमुळेच आपल्याला डावलले गेले, असे ते अखेरपर्यंत मानत राहिले.

धाकटे केसी जेझुइट संघाच्या होली क्रॉस महाविद्यालयात शिकले. जेझुइट स्वयंसेवक दलातर्फे त्यांनी फिलाडेल्फियातील मुलांना शिकवले. पुढे ते राज्याचे महालेखापरीक्षक व नंतर कोषाध्यक्ष झाले. ज्या पक्षाने वडिलांना व्यासपीठ नाकारले, त्याच पक्षाच्या नेत्यांनी २००५ मध्ये मुलाला उमेदवारीसाठी गळ घातली, श्री. सँटोरम यांना हरवायचे तर गर्भपातविरोधी कॅथलिक उमेदवारच हवा, असा त्यांचा हिशेब होता. पक्षातील गर्भपातसमर्थक संघटना नाराज झाल्या, तरीही केसी यांनी पक्षांतर्गत निवडणूक सहज जिंकली.

मतभेद कोठे होते?

गर्भपाताचा मुद्दा दोन्ही बाजूंना समान ठरल्यावर मतदारांना उमेदवारांच्या इतर भूमिकांकडे वळावेच लागले. किमान वेतनाचा केंद्रीय दर १९९७ पासून ताशी ५.१५ डॉलरवर थांबलेला होता. तो लक्षणीय वाढवावा, असे केसी म्हणत होते. श्री. सँटोरम यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या वाढीच्या प्रस्तावांना विरोध करून त्याहून लहान वाढ सुचवली होती. वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेतील काही रक्कम खासगी गुंतवणूक खात्यांत वळवण्याच्या अध्यक्ष बुश यांच्या २००५ च्या प्रस्तावाचा सँटोरम यांनी हिरिरीने प्रचार केला. केसी यांनी त्याला विरोध केला. मे २००६ मध्ये सिनेटने कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना कायदेशीर दर्जाची वाट खुली करणारे विधेयक संमत केले. श्री. सँटोरम यांनी विरोधी मत दिले, तर केसी यांनी विधेयकाचे समर्थन केले. अमेरिकेतील बिशपांचाही स्थलांतरितांना अशी वाट मिळावी असाच आग्रह होता.

इराक युद्धाच्या बाबतीत मात्र चित्र तितके स्वच्छ नव्हते. श्री. सँटोरम युद्धाचे खंदे समर्थक होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये या युद्धाला स्पष्ट विरोध केला होता. श्री. केसी यांनी युद्ध चालवण्याच्या रीतीवर टीका केली, पण सैन्य मागे घेण्याची निश्चित तारीख ठरवण्यास तेही तेव्हा तयार नव्हते.

कोणत्याही एका उमेदवाराला ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीची सर्व कलमे लागू पडत नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. श्री. सँटोरम यांनी गरिबांच्या सरकारी साहाय्यात मोठी कपात व बदल करणाऱ्या १९९६ च्या कायद्यासाठी झटून काम केले होते, आणि बिशपांनी त्या कायद्यावर टीका केली होती. मात्र आफ्रिकेतील एड्सग्रस्तांसाठीच्या मदतीला त्यांनीच जोरदार पाठिंबा दिला आणि २००५ मध्ये मृत्युदंडाच्या सरसकट वापराविषयी जाहीरपणे शंकाही व्यक्त केली. माणूस एका शब्दात मावत नाही; उमेदवारही मावत नाही.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मतदान झाले. केसी यांना सुमारे ५९ टक्के, तर सँटोरम यांना सुमारे ४१ टक्के मते मिळाली. विद्यमान सिनेटरच्या दृष्टीने हा फार मोठा पराभव होता.

निवडून आल्यानंतरची वाटचाल

सुरुवातीच्या वर्षांत श्री. केसी यांनी दिलेला शब्द पाळला. एप्रिल २००७ मध्ये मानवी भ्रूणांवरील मूलपेशी संशोधनाला केंद्रीय निधी वाढवून देणारे विधेयक आले, तेव्हा आपल्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांविरुद्ध जाऊन त्यांनी विरोधी मत दिले. किमान वेतनवाढीचा कायदाही त्याच वर्षी झाला आणि २००९ मध्ये तो दर ७.२५ डॉलरवर पोहोचला.

खरी कसोटी डिसेंबर २००९ मध्ये लागली. अध्यक्ष ओबामा यांच्या आरोग्यविमा विधेयकात गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरला जाऊ नये, अशी कडक दुरुस्ती केसी यांनी अन्य दोन सिनेटरांसह मांडली. ती ५४ विरुद्ध ४५ मतांनी बाजूला सारली गेली. आता काय करावे? कोट्यवधी विमाहीन माणसांना उपचार मिळण्याची शक्यता एकीकडे आणि अपुरी राहिलेली तरतूद दुसरीकडे. केसी यांनी अखेर विधेयकाच्या बाजूने मत दिले, आणि गरजू गर्भवती मातांच्या साहाय्यासाठी वर्षाला अडीच कोटी डॉलर, याप्रमाणे दहा वर्षांचा निधी त्यात समाविष्ट करून घेतला. सर्वांना आरोग्यसेवा मिळावी अशी मागणी बिशप अनेक दशके करीत आले होते. तरीही गर्भपाताच्या तरतुदींमुळे त्यांनी या विधेयकाला विरोध केला. कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेने मात्र पाठिंबा दिला. एकाच श्रद्धेची, एकाच ध्येयाची माणसे येथे वेगळी झाली.

२०१५ आणि २०१८ मध्ये वीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारे विधेयक पुढे नेण्याच्या बाजूने केसी यांनी मत दिले होते. मात्र मे २०२२ मध्ये, गर्भपाताचा हक्क संपूर्ण देशात कायद्याने प्रस्थापित करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. प्रतिपक्ष देशभर सरसकट बंदी आणू पाहत आहे, असे कारण त्यांनी दिले. पुढच्याच महिन्यात, २४ जून २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा 'रो' निकाल आणि त्यांच्या वडिलांच्या नावाचा १९९२ चा निकाल, दोन्ही रद्द केले. ज्या घटकेसाठी वडील आयुष्यभर झगडले, ती आली तेव्हा मुलगा पलीकडच्या बाजूला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये श्री. केसी अत्यंत थोड्या फरकाने निवडणूक हरले.

दोष कोणाचा?

२००६ मध्ये जीवनसमर्थक म्हणून केसी यांना मत देणाऱ्या कॅथलिक मतदाराची फसवणूक झाली, असे म्हणणे सोपे आहे. श्री. केसी यांच्या २०२२ च्या मताचे समर्थन करता येत नाही. निष्पाप जिवाच्या रक्षणाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण प्रतिपक्षाच्या डावपेचांनुसार बदलत नाही. परंतु एवढ्यावरच थांबलो तर आपण मूळ कारण पाहिलेच नाही असे होईल.

२०२२ मध्ये सिनेटच्या डेमोक्रॅटिक सदस्यांपैकी केवळ एकाने, वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन यांनी, त्या विधेयकाविरुद्ध मत दिले. प्रतिनिधिगृहातील इलिनॉयचे कॅथलिक जीवनसमर्थक सदस्य डॅन लिपिन्स्की यांना त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनी मार्च २०२० मध्ये घरी बसवले होते. पक्षातून जीवनसमर्थक माणसे एकेक करून निघून गेली किंवा काढली गेली, आणि उरलेला एकटा पडला. दुसऱ्या पक्षातही स्थलांतरितांची बाजू घेणाऱ्या उमेदवाराची गत फारशी वेगळी राहिली नाही. उमेदवाराची भूमिका त्याच्या एकट्याच्या विवेकावर उभी नसते. तिला पाठबळ देणारी माणसे पक्षात आणि मतदारसंघात लागतात. मत देऊन घरी परतलेल्या मतदाराने हे पाठबळ किती दिले, हा प्रश्न केसी यांच्याइतकाच त्यांच्या मतदारांनाही विचारला पाहिजे.

ख्रिस्तसभा काय सांगते?

शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये फोर्डहॅम विद्यापीठात जीवनाविषयी सुसंगत नीतीची मांडणी केली. प्रभू येशूच्या अखंड विणलेल्या झग्याप्रमाणे गर्भातील बालक, गरीब, कैदी आणि युद्धात सापडलेला माणूस या सर्वांच्या जीवनाचे मोल एकच आहे, असा तिचा आशय. या मांडणीच्या आडोशाने काही राजकारण्यांनी गर्भपाताचा प्रश्न गौण ठरवला, ही टीकाही रास्त आहे. म्हणून अमेरिकेच्या बिशपांनी नोव्हेंबर २००७ मध्ये मतदारांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात दोन्ही टोके टाळली. सर्व प्रश्नांचे वजन सारखे नाही. निष्पाप जिवाची जाणूनबुजून हत्या सदैव गैरच. पण या एका प्रश्नावर उमेदवार योग्य बाजूला आहे, म्हणून भूक, वंशभेद, अन्याय्य युद्ध यांकडे डोळेझाक करण्याची मुभा मतदाराला मिळत नाही. कोणाला मत द्यावे हे बिशपांनी सांगितले नाही. विवेकबुद्धी घडवण्याची जबाबदारी प्रत्येकावर सोपवली.

आपल्याकडे काय?

आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांची मुले आज अमेरिकेचे नागरिक म्हणून तेथे मतदान करतात. त्यांच्यासाठी हा प्रश्न प्रत्यक्ष आहे. भारतातील व्यवस्था वेगळी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे उमेदवाराच्या भूमिकेबरोबर त्याच्या पक्षाची भूमिकाही तपासावी लागते. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातून त्याची मालमत्ता व त्याच्यावरील गुन्हे कळतात. पाणी, जमीन, शिक्षण, अल्पसंख्याकांचे हक्क यांविषयी तो काय करणार, हे मात्र आपणच विचारावे लागते.

धर्मबंधू आहे, आपल्या गावचा आहे, एका प्रश्नावर आपल्या मताचा आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्या सर्व भूमिका समजून घ्याव्यात, त्यांतील गंभीर कोणत्या व तुलनेने कमी गंभीर कोणत्या ते ठरवावे, आणि निवडून आल्यावरही पत्राने, भेटीने, सभेत उभे राहून त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून द्यावी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली संत थॉमस मोर यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते घोषित केले. राजाच्या मर्जीपुढे न झुकता त्यांनी प्राण दिला. इतके धैर्य प्रत्येक लोकप्रतिनिधीकडून अपेक्षित करता येणार नाही. परंतु योग्य भूमिका घेणारा प्रतिनिधी एकाकी पडणार नाही, एवढी काळजी मतदार निश्चितच घेऊ शकतो.