रिकामं म्हणजे शून्य नव्हे!
शनिवार सकाळ, चहा आणि इन्कम टॅक्स रिटर्न. ब्रोकरची फाईल सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली आणि माझा नफा बघून मीच चाट पडलो! जुन्या डीमॅटमधून नव्यात आणलेले १०० शेअर. तीन वर्षांपूर्वी ४०० ने घेतले, ९०० ने विकले. नफा ५०,०००. सॉफ्टवेअर म्हणतं ९०,०००! खरेदीचा भाव नव्या ब्रोकरकडे नव्हताच, मग दिलं शून्य ठोकून.

अहो, बोनस शेअरची खरेदी किंमत कायदाच शून्य धरतो. पण माहिती नसणं म्हणजे शून्य नव्हे, हे आम्ही इंजिनियर लोक पहिल्या वर्षी शिकतो! सव्वा लाखाची सूट आधीच संपली असेल, तर साडेबारा टक्क्यांनी ५,००० रुपये फुकट गेले की. सेस वेगळा.

आमच्या मानवतला कापूस विकणारा शेतकरी पट्टीवरचं वजन, भाव, कपात बोट ठेवून वाचतो. भावाची जागा कोरी दिसली तर जागचा हलत नाही. आणि आपण? इम्पोर्ट झालं की लगेच सबमिट!

जुनी काँट्रॅक्ट नोट शोधा, आकडा हाताने दुरुस्त करा, एआयएसमध्येही चूक असेल तर तिथे फीडबॅक द्या. रिटर्नवर सही सॉफ्टवेअरची नसते राव, आपली असते.