देवावर भार, बांधावर माती

ब्रह्मपुरी तालुका हा धानाचा मुलूख. येथें मृग कोरडा गेला कीं पऱ्हें करपतें, आणि वैनगंगा फुगली कीं रोवलेली बांधी गाळाखालीं जाते. 2020 सालच्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले, तेव्हां लाडजसारख्या नदीकांठच्या गांवांनीं काय सोसलें हें तेथील लोक विसरले नाहींत. अशा मुलुखांतील मनुष्याच्या तोंडीं देवाचें नांव असावें हें साहजिकच आहे. परंतु ख्रिस्ती मंडळींतून एक बोल वरचेवर कानीं येतो, तो असा कीं, उद्यांची तरतूद करणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें होय. या बोलाचा परामर्ष घेणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण तो नुसता बोल राहत नाहीं, त्यापायीं माणसें दगावतात.

रोवणीच्या दिवसांत बांधीत घोणस डसली, किंवा रात्रीं जमिनीवर निजलेल्या मुलास मण्यार डसली, तर प्रार्थनेस बसावें कीं दवाखान्याची वाट धरावी? आमचें उत्तर सरळ आहे : गाडींत बसून प्रार्थना करावी. सर्पविषावरील औषध वेळेवर टोंचलें तरच गुणास येतें. येथें घटकेचाही विलंब घातक. जो उपदेशक घरच्यांस थांबवून धरतो, तो श्रद्धा वाढवीत नाहीं. दुसऱ्याच्या लेकरावर स्वतःच्या श्रद्धेची परीक्षा पाहतो.

आकाशांतील पांखरांचा दाखला अशा वेळीं हटकून पुढें करण्यांत येतो. पण प्रभूनें तेथें चिंतेची मनाई केली आहे, कामाची नव्हे. पांखरें पेरीत नाहींत हें खरें; तथापि तींही घरट्यांत चोंच उघडून बसत नाहींत, दिवसभर रान धुंडाळतात. त्याच प्रभूनें बुरूज बांधूं पाहणाऱ्यास आधीं बसून खर्चाचा हिशेब करावयास सांगितलें, हें कां सांगण्यांत येऊं नये? योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत घातला, म्हणूनच त्याचे भाऊ दुष्काळांत जगले.

आमच्याच महाराष्ट्रांत याचें उदाहरण घडलें आहे. पंडिता रमाबाईंइतका देवावर भार टाकणारी व्यक्ति विरळा. परंतु अमेरिकेंतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत 1898 सालीं सरणार हें ओळखून त्यांनीं आधींच केडगांव येथें जमीन घेतली, फळझाडें लावलीं व विहिरी खोदविल्या. 1896-97 च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः आल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया आपल्या आश्रयास घेऊन गेल्या. त्यांस ठेवावयास ही जमीन तयार होती! पुढें नियमित वर्गणीची हमी नसतां त्यांनीं संसार चालविला, पण मुलींच्या हातीं विणकाम, तेलघाणा व छापखाना दिला. जी बाई रोजच्या अन्नासाठीं गुडघे टेकीत होती, तीच विहिरीसाठीं खोदकामही लावीत होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 1917 सालीं मिशनची नोकरी सोडून देवाच्या भरंवशावर निघण्याचा निश्चय केला. त्यांच्या त्यागास आमचें वंदन आहे. मात्र हातचें देऊन टाकणाऱ्या पतीच्या घरीं चूल कोण पेटती ठेवीत होतें, हें लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' वाचणारास सांगावयास नको.

याचा अर्थ कोठारें वाढविण्यांतच मोक्ष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कोठारें मोठीं करून निश्चिंत निजूं पाहणाऱ्या धनवानाची गोष्टही त्याच शुभवर्तमानांत आहे. शेजाऱ्याची कणगी रिकामी असतां आपली भरून ठेवणें ही तरतूद नव्हे, लोभ होय.

तेव्हां मंडळीच्या पंचांस आमची विनंति आहे. धानाची कापणी आटोपल्यावर आभारप्रदर्शनाची उपासना होते. त्याच दिवशीं प्रत्येक घरानें ऐपतीप्रमाणें बियाण्याचें धान सामायिक कणगींत घालावें, व त्याचा हिशेब मंदिराच्या दारावर लावावा. नदीकांठच्या गांवांनीं पूर आल्यास म्हातारीं माणसें कोठें न्यावयाचीं तें पावसाळ्यापूर्वींच ठरवावें. आणि सर्पदंश झाल्यास रात्रीं कोणाची गाडी निघावयाची, त्याचें नांव आजच लिहून ठेवावें.