खांबाला हात लावण्याआधी थांबा!

मुंबईतले सदनिकाधारक, भाडेकरू आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांना तातडीचं आवाहन.

तुमच्या घरात किंवा शेजारी-पाजारी आत्ता भिंत फोडायचं काम चालू असेल, तर ते आजच थांबवा आणि परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर ब्रेकर बंदच राहू द्या.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. १७ जीव गेले. तळमजल्यावर फेरबदल चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. त्या कामाशी वरच्या बिऱ्हाडांचा काय संबंध होता?

रंग, गिलावा, फरशी बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ किंवा विजेची फिटिंग यांसाठी पालिकेच्या दारात जावं लागत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्येच तशी मुभा आहे. मात्र कॉलम, बीम, स्लॅब किंवा भार पेलणारी भिंत हलवायची असेल, पोटमाळा चढवायचा असेल, जमीन खोल करायची असेल, गच्चीवर खोली काढायची असेल किंवा राहत्या घराचा दवाखाना करायचा असेल, तर आधी परवानगी आणि मगच हातोडा. जुन्या, बिनखांबांच्या चाळींत तर भिंती हेच खांब असतात. तिथे ‘मधली एकच भिंत काढतो’ असं काही नसतंच.

मुभा आहे म्हणून फरशीवर फरशी चढवू नका. दोन इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे शंभर किलो भरतं. म्हणजे दहा चौरस मीटरच्या खोलीत स्लॅबवर एक टन जादा बोजा. जुना थर आधी काढा.

‘काही होत नाही साहेब, सगळे असंच करतात,’ हे कंत्राटदाराचं आश्वासन म्हणजे परवानगी नव्हे. सोसायटीची एनओसी हवीच, पण तीही पालिकेच्या मंजुरीची जागा घेत नाही. (काही कमिट्या डिपॉझिट घेऊन एनओसी देतात आणि कामाकडे फिरकतही नाहीत. त्यांनी निदान नकाशा तरी मागून घ्यावा.) भिंत भार पेलते की नाही हे मुकादमाने टकटक करून ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याचं म्हणणं लेखी घ्या. ओपन किचनवर लाखो रुपये घालणाऱ्याला त्याची फी जड वाटू नये.

बेकायदा वाढीव बांधकाम पालिका पाडू शकते. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून गप्प बसू नका. कमिटीला आणि वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने खात्याला आजच लेखी कळवा, पोच घ्या. खांबाला नवी भेग दिसली, दारं अचानक अडकू लागली किंवा गिलावा सुटून पडू लागला, तर अर्ज लिहीत बसू नका. सगळ्यांना घेऊन खाली उतरा आणि १९१६ वर फोन करा.