सोल म्हणजे आत्मा नव्हे

मागच्या महिन्यात आपल्याच एका कार्यक्रमाला बाहेरचे एक प्राध्यापक बोलावले होते. विषय, अमेरिकेतल्या काळ्यांचं सोल संगीत. गडी अभ्यासू. आवाज मऊ. म्हणाले, सोल म्हणजे आत्मा. आत्म्याला रंग नसतो, जात नसते, म्हणून ही गाणी आपल्यालाही भिडतात. टाळ्या पडल्या. आपलीच पोरं टाळ्या पिटत होती. माझा हात उठला नाही.

दोस्तहो, १९५६ साली नागपुरात आपण ज्या धम्मात आलो त्यात आत्म्याला जागा नाही. बाबासाहेबांनी ते काळ्यावर पांढरं करून ठेवलंय. मग या आत्म्याच्या नावानं आपण टाळ्या कशापायी वाजवतो? आणि काळ्यांनी तरी तो शब्द प्राध्यापकांच्या अर्थानं वापरला का?

१९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटलं. ४३ माणसं मेली. त्या आगीत काळ्या दुकानदारांनी आपापल्या दारांवर रंगानं 'सोल' असं लिहून टाकलं. म्हणजे हे दुकान आपल्याचं आहे, याला हात लावू नका. आयझॅक हेजनं ते टीव्हीवर पाहिलं आणि डेव्हिड पोर्टरच्या जोडीनं 'सोल मॅन' हे गाणं रचलं. सॅम आणि डेव्हनं ते त्याच वर्षी गायलं. तेव्हा सोल म्हणजे, आपला माणूस. परगावात रात्री-बेरात्री कुणी जयभीम घातला की बंद दार उघडतं, तसा तो शब्द. त्याला रंग आहे. चांगला ढळढळीत रंग आहे.

आता भिडतात म्हणजे कशी भिडतात, तेही नीट पाहू. ही गाणी काळ्यांच्या चर्चमधून आली. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. चार मोजले तर टाळी दोनवर आणि चारवर. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवरच्या समेची सवय. त्यामुळं सुरुवातीला पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं, आणि मग अंगच डोलायला लागतं. आमचा एक मित्र म्हन्ला, "ही तर देवाची गाणी, आपल्याला काय करायची?" अरे बाबा, रे चार्ल्सनं १९५४ सालीच चर्चच्या गाण्यावर बाईच्या प्रेमाचं गाणं बसवलं होतं. देवभक्त चिडले. देव गेला, हाक आणि ओ राहिली. आपल्या जलसेवाल्यांनी दुसरं काय केलं? तमाशाचा फड घेतला, गण-गवळण बाजूला सारली आणि तिथं भीमवंदना आणली. हे ज्याच्या बापजाद्यांनी ऐकलंय त्याला सोल परकं वाटायचं कारण नाही.

अरेथा फ्रँकलिन घ्या. 'रिस्पेक्ट' हे गाणं मुळात ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. कामावरून दमून घरी आलेला पुरुष बायकोकडं मान मागतो. अरेथानं १९६७ मध्ये तेच गाणं उचललं आणि उलटं केलं. आता बाई मागते. मागं तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा ओ देतात. आणि मधेच ती त्या शब्दाची अक्षरं सुटी करून म्हणते, मास्तरणीनं ढ पोराकडून शब्द गिरवून घ्यावा तशी. गोऱ्यांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना कळलं, मागणी आपल्याकडं आहे. पण ती काळ्या नवऱ्यांकडंही होती. चळवळीतल्या गड्यांनो, मोर्च्याहून घरी जाऊन जेवणाचं ताट पुढ्यात यायची वाट बघत बसणाऱ्यांनो, हे आपल्यालाही लागू आहे. मलाही.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो सॅम कुक. ऑक्टोबर १९६३. लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट. एका हॉटेलात त्यानं खोली राखून ठेवली होती. नाव मोठं, पैसा खिशात, गाणी देशभर वाजतायत. दारात तोंड दिसलं आणि खोली नाही म्हणाले. तो भांडला, तर शांतताभंग म्हणून पोलिसांनी धरला. तीनेक महिन्यांनी, जानेवारी १९६४ मध्ये त्यानं 'अ चेंज इज गॉना कम' ध्वनिमुद्रित केलं. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून मेला, वय ३३. त्यानंतर काही दिवसांनी त्या गाण्याची सुटी तबकडी निघाली. आणि तिच्यातून एक कडवं कापलेलं होतं. कोणतं? सिनेमाला गेलं, गावात हिंडलं की हाकलून देतात, ते सांगणारं कडवं. नदी ठेवली, दुःख ठेवलं, आशा ठेवली. हाकलणारा तेवढा काढला.

प्राध्यापक महाशय, तुम्ही हेच करता. तुमच्या आत्म्यातून हाकलणारा गायब असतो. दुःख कुणाचंही, म्हणजे कुणाचंच नाही. मग ते ऐकून डोळे पुसायला तुम्ही मोकळे.

माझा बाप २६ वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होता. उजव्या हाताची दोन बोटं गाडीनंच खाल्ली. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचरा दाबणाऱ्या गाडीत शिरले आणि यंत्र चालू होऊन चिरडून मेले. मग तेराशे कामगार संपावर गेले. गळ्यात पाट्या, मी माणूस आहे म्हणून. किंग त्यांच्यासाठीच तिथं आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात मारले गेले. त्याच मोटेलमध्ये दोन वर्षांपूर्वी स्टॅक्स कंपनीचे एडी फ्लॉइड आणि स्टीव्ह क्रॉपर, एक काळा एक गोरा, रात्री बसून 'नॉक ऑन वुड' रचत होते. प्रेमाचं साधं गाणं. पण मी ते ऐकतो तेव्हा मला कचऱ्याची गाडी ऐकू येते. येऊ द्यावी. स्टेपल सिंगर्सचं 'रिस्पेक्ट युवरसेल्फ' त्याच कंपनीचं, १९७१ चं. त्या शहरात स्वाभिमान हा शब्द कचऱ्याची डबडी डोक्यावर वाहणाऱ्यांनी रस्त्यावर आणला होता, हे विसरून ते ऐकताच येत नाही.

१९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच वर्षी २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर लाखभर काळी माणसं डॉलर-डॉलरचं तिकीट काढून स्टॅक्सची गाणी ऐकायला जमली. वॉट्सच्या उठावाला सात वर्षं झाली म्हणून. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं. गाणी घ्यायची राहिली. ती आता प्राध्यापक आपल्याला समजावतात, साला.

येत्या रविवारी संध्याकाळी सातला विहारामागच्या खोलीत ही गाणी लावतोय. सॅम कुकची पूर्ण प्रत, त्या कडव्यासकट, मी आणतो. इंग्रजी येत नसेल तरी या, एकेका ओळीचा अर्थ थांबून सांगू. बापालाही आणणार आहे. चांगला स्पीकर कुणाकडं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, आमचा फाटलाय.