एकच लस, निरनिराळी शरीरे

लस घेऊनही रोग झाला की दोष द्यायला दोघी हाताशी असतात : अडाणी आई, नाहीतर बेफिकीर नर्सबाई. लस घेणाऱ्या शरीराचा विचार सहसा कोणी करीत नाही.

वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी तो केला. पाश्चात्त्य देशांत पोलिओच्या ज्या तीन मात्रा पुरतात, त्या घेऊनही आपल्याकडील कितीतरी बालकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, हे त्यांनी १९७२ च्या सुमारास दाखवून दिले. लस उत्तम होती. आपल्या बाळांच्या आतड्यात ती तितकीशी रुजत नव्हती. पुढे मात्रा वाढल्या, २००५ मध्ये एकाच प्रकारच्या विषाणूची लस आली, २०१० मध्ये दोन प्रकारांची, आणि जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला नाही. तेव्हा ‘लस कुचकामाची’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

हैदराबादेत तयार झालेल्या रोटाव्हॅकची कथाही तशीच. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६,७९९ बालकांवर तिची परीक्षा झाली. पुण्याचे काम के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. आशिष बावडेकर यांच्याकडे होते. २०१४ साली निष्कर्ष आला : पहिल्या वर्षात रोटाविषाणूचे तीव्र जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी घटले. श्रीमंत देशांत अशा लशींचा आकडा ८५ च्या पुढे जातो. तरीही जिथे जुलाबाने बाळे दगावतात, तिथे ५६ टक्के ही लहान गोष्ट नव्हे! प्रांताप्रांतांतच नव्हे, माणसामाणसांतही हा फरक असतो. ‘ब’ काविळीच्या लशीला शंभरांतील पाच-दहा धडधाकट प्रौढ दादच देत नाहीत; वय, लठ्ठपणा, आनुवंशिकता अशी त्याची कारणे आहेत.

आता आपल्या आदिलाबादकडे वळू. येथील गोंड, परधान घरांत सिकलसेल आहे. या रोगात प्लीहा लहानपणीच निकामी होते, आणि न्यूमोनियाच्या जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम तर तिचेच. म्हणून अशा मुलाला नेहमीच्या न्यूमोकोकल लशीखेरीज दोन वर्षांनंतर आणखी एक वेगळी लस द्यावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत सिकलसेलची तपासणी होते आहे. त्या तपासणीचा निकाल बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर ठळक लिहायला काय हरकत आहे? मावल्यापासून उटनूरपर्यंत लस टोचणाऱ्या प्रत्येक बाईला तो एका दृष्टिक्षेपात दिसला पाहिजे.